वा.ना.

सोनिवलीच्या वरच्या आळीत घरं अकरा होती. पाण्याची पिंपं सव्वीस. त्यांतली पत्र्याची सात आणि निळ्या प्लास्टिकची एकोणीस. एकोणीस निळ्यांपैकी सोळांवर पांढऱ्या ऑइलपेंटने दोन अक्षरं काढलेली होती: वा.ना. दहा वर्षांखालच्या मुली नऊ. त्यांपैकी चौघींच्या छातीत, एका किंवा दोन्ही बाजूंना, सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. चौघींतली थोरली आठ वर्षांची, धाकटी चार वर्षं दोन महिन्यांची.

पद्मजाने हे सगळं दोनशे पानी वहीत उतरवलं आणि वर तारीख घातली, २५ नोव्हेंबर १९८८. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. एरवी या वेळी ती अंबरनाथच्या औषध कंपनीतल्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून उभी असती. बी.एस्सी. होऊन तिथे लागल्याला तिला तीन वर्षं झाली होती.

तिला इथे आणलं होतं भगवंतने. भगवंत कंपनीच्या हार्मोन विभागात ऑपरेटर होता. त्या विभागात बायकांसाठीच्या गोळ्यांचं औषध बनायचं, आणि तिथल्या पुरुषांना अधूनमधून एक त्रास व्हायचा, ज्याबद्दल कॅन्टीनमध्ये फक्त चेष्टा चालायची. छाती दुखायची, सुजायची. "पावडर चढली" म्हणायचे. दोन बनियन घालायचे, कुणी सुट्टी टाकायचा, मग उतरायची. भगवंतलाही एकदा चढली होती. पण आता त्याच्या पोरीला, सहा वर्षांच्या वेणूला, तेच झालं होतं, आणि तो लॅबच्या दाराशी येऊन खाली मान घालून म्हणाला होता, "बाई, माझ्या कपड्यांतून गेला काय हो तिला? घरी कुनाला बोललो नाय मी."

पद्मजाला आधी तेच वाटलं होतं. पण वही वेगळं सांगत होती. चौघींपैकी फक्त वेणूचा बाप हार्मोन विभागात होता. एकीचा बॉयलरवर, एकीचा गेटवर. चौथीचा बाप कंपनीत नव्हताच, तिचा काका कॅन्टीनमध्ये होता. कपड्यांचं कारण तिथे टिकत नव्हतं. मग चौघींत सारखं काय? तिने घरोघर एकच प्रश्न विचारला, "प्यायचं पाणी कुठल्या पिंपातलं?" चौघींच्या घरी उत्तर एकच आलं: कंपनीच्या, वा.ना. लिहिलेल्या. बाकीच्या पाचजणींपैकी तिघींच्या घरी कंपनीच्या पिंपात तांदूळ नाहीतर धुण्याचं पाणी होतं, आणि दोघींच्या घरी तसलं पिंपच नव्हतं.

अकरा घरांवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने वहीत वा.ना.च्या सोळा पिंपांखाली रेघ ओढली.

"ही पिंपं दसऱ्याची ना?" तिने विचारलं.

"तर!" ठमाबाई म्हणाली. ही भगवंतची चुलती, ओटीवर पाय पसरून बसलेली. "दर दसऱ्याला येतान. कंपनीचा वान हाय तो."

"वाण?"

"लिवलंय की वर. तुमी शिकलेल्या ना? वेनू, वाच गो."

वेणू पुढे आली. फ्रॉकवरून पाटी छातीशी धरलेली होती, ती तिने खाली घेतली नाही. "वा," तिने बोट ठेवलं, "ना. वाना."

"ऐकलंव? वान. आमच्या घरात मान हाय या पिंपाला. बाकीच्यांत काय बी भरा, देवाचा नि प्यायचा पानी यातच. हलदकुंकू लावून घरात घेतो आमी."

पद्मजाला ती अक्षरं ठाऊक होती. वा.ना. म्हणजे वाण नव्हतं. वा.ना. म्हणजे वास नाही.

दर नवरात्रात, अष्टमीच्या सकाळी, स्टोअरच्या मागच्या पत्र्याखाली रिकामी पिंपं ओळीने मांडलेली असायची. सोडा आणि गरम पाण्याने तीन वेळा धुतलेली, दोन दिवस उन्हात वाळवलेली. झाकण काढायचं, तोंड आत घालायचं, श्वास घ्यायचा. लॅबमधले तिघे हे काम करायचे. ज्याला सर्दी असेल त्याला बाद करायचे. वास आला तर पिंप भंगारात, नाही आला तर पेंटर वा.ना. लिहायचा आणि यादीवर सही व्हायची. पद्मजाचं नाक तिघांत सर्वांत तिखट होतं. गेल्या साली बाकी दोघांनी पास केलेली अकरा पिंपं तिने एकटीने काढून टाकली होती, आणि टिपणीस सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "नाक हे सर्वांत जुनं उपकरण. आमच्या पद्मजाचं अजून कॅलिब्रेशनमध्ये आहे." ती आठवडाभर त्या वाक्यावर खूष होती.

तीन दसरे. तीन याद्या. तिन्हींवर तिची सही.

"बाई, मी वर्गात सगल्यांत उंच हाय," वेणू मध्येच म्हणाली. "औंदा दोन नंबर मोठी चप्पल लागली."

---

श्रीपाद टिपणीस अंबरनाथ पूर्वेला पद्मजाच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. कंपनीत ते लॅबचे प्रमुख, म्हणून सर. घरी श्रीपादकाका. बारावीत तिचं रसायनशास्त्र डळमळलं तेव्हा त्यांनी सहा महिने रोज संध्याकाळी तिला शिकवलं होतं. मोल म्हणजे काय हे त्यांनी तिला तुरीची डाळ मोजायला लावून समजावलं. नोकरीचा अर्जही त्यांच्याच पेनाने लिहिलेला. त्यांचा एक नियम होता: आकडा आल्याशिवाय मत नाही.

शनिवारी तिने वेणूच्या घरच्या पिंपातलं पाणी काचेच्या बरणीतून लॅबमध्ये आणलं. क्लोरोफॉर्मने ओढून घेतलं, आटवलं, काचेच्या प्लेटवर थेंब टाकला. शेजारी हार्मोन विभागाच्या शुद्ध मालाचा थेंब. अर्ध्या तासाने प्लेट आयोडीनच्या भांड्यात ठेवली, तेव्हा दोन पिवळट ठिपके एकाच उंचीवर उमटले. तिने पट्टीने दोनदा मोजलं.

टिपणीस सरांनी प्लेट खिडकीपाशी नेऊन पाहिली. बराच वेळ.

"कुठलं पिंप असेल?" त्यांनी विचारलं.

"वास नसलेलं, सर. मला वाटतं हार्मोन विभागातलं मदर लिकरचं, माल गाळल्यावर उरतं त्याचं. सॉल्व्हंट उडून जातं, वास जातो, पण माल प्लास्टिकला धरून राहतो. पाणी भरलं की थोडाथोडा सुटतो. बायका काथ्याने घासतात, तसा जास्तच सुटत असेल."

"असेल." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "पण ही प्लेट 'आहे' एवढंच सांगते. किती आहे ते नाही सांगत. सोमवारी मी स्वतः मशीनवर लावतो. तोवर कुणाशी बोलू नकोस. घबराट होईल, आणि उद्या आकडा चुकला तर पोरींची लग्नं व्हायची नाहीत. पटतंय?"

पटलं. ती त्यांच्याकडूनच हे शिकली होती.

"आळी कुठली म्हणालीस?"

तिने वहीतलं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. अकरा घरं, मालकांची नावं, कुणाकडे किती पिंपं. मग शिफ्ट सुटताना गेटवर भगवंतला गाठून सांगितलं, "त्या पिंपातलं पाणी प्यायला देऊ नका. पण पिंप धुऊ नका, हलवू नका. सोमवारी आकडा येईल."

"आकडा आला की काय ते कलेल ना, बाई?"

"नक्की कळेल."

---

मंगळवारी सकाळी भगवंत लॅबच्या दारात आला तो हसतच. हातात रुमालात बांधलेली चार सीताफळं.

"काकीनं दिलीत. लय दुवा देतेत बाया तुमाला."

"कशाबद्दल?"

"आता कशाबद्दल म्हंजे? काल दुपारी ट्रक आला नव्हं कंपनीचा. नवी कोरी पिंपं, पिवली. बाजारातली, इकत घेतलेली. जुनी काढून घेतली नि नवी दिली. 'तुमच्या पद्मजाबाईंनी सांगितलंय,' बोलला ड्रायव्हर. घराघराची चिठ्ठी व्हती त्याच्याकडं. कुनाकडं किती, समदा बरोबर."

पद्मजाने सीताफळं टेबलावर ठेवली. "जुनी कुठे नेली?"

"काय म्हाईत. कापायला नेली बोलला, भट्टीत. का हो बाई? तुमीच धाडलात ना?"

"मी बघते," एवढंच ती म्हणाली. भगवंत गेल्यावर तिने आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. तिचा फ्लास्क धुऊन रॅकवर पालथा घातला होता. बरणी स्वच्छ. प्लेट नव्हती. मशीनच्या नोंदवहीत सोमवारच्या पानावर खोकल्याच्या औषधाचे तीन बॅच होते. टिपणीस सर दोन दिवस रजेवर, असं क्लार्कने सांगितलं.

तरीही संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगचा जिना चढताना तिचं मन त्यांच्या बाजूने कारणं शोधत होतं. मशीन बिघडलं असेल. आधी पोरींचं पाणी बदलावं असं वाटलं असेल. तेही बरोबरच आहे की.

दार काकांच्या पत्नी माईंनी उघडलं. "ये गं! किती दिवसांनी. अगं, हे अंघोळीला गेलेत. बस. पाणी गेलंय पुन्हा, दोन बादल्यांत सगळं उरकायचं." माई स्वयंपाकघरातून बोलत राहिल्या. "तुम्ही कंपनीवाले सगळ्या जगाला पिंपं वाटता, आणि साहेबाच्या घरी पत्र्याचं गळकं! तूच सांग बाई यांना. दोन वर्षं झाली मागते आहे. गेल्या दसऱ्याला शिपाई बिचारा तीन जिने चढून घेऊन आला, तर यांनी दारातून परत पाठवलं. वर मला तंबी, कुणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. असा काय मेला तत्त्वाचा बाणा!"

पद्मजा खुर्चीत बसली होती. स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या पत्र्याच्या पिंपाकडे ती पाहत राहिली.

टिपणीस टॉवेलने केस पुशीत बाहेर आले. तिला पाहून थांबले. माईंकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. दोघांत आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

"माई, चहा टाक जरा," ते म्हणाले. माई आत गेल्या.

"तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं," पद्मजा म्हणाली.

"हळू बोल."

"काका, माहीत होतं."

ते समोर बसले. टॉवेलची घडी घालत राहिले. "शहाऐंशीत परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं होतं, पिंपं धुऊन दुसऱ्या मालाला वापरता का. मी धुवणाचं पाणी तपासलं. पहिल्या धुण्यात आलं, तिसऱ्यात आलं, पाचव्यातही आलं. पुनर्वापरास अयोग्य, असं मी लिहून दिलं. माझ्या सहीने. मी काही लपवलं नाही."

"कशाला अयोग्य?"

"मालाला. प्रश्न तेवढाच होता."

"आणि पाण्याला?"

"तो प्रश्न कुणी विचारला नव्हता."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

"मग मालाला चालत नाहीत म्हणून उरलेली पिंपं त्या वर्षी दसऱ्याला वाटली," पद्मजा म्हणाली. "त्याआधी कुठली वाटायचात?"

"ग्लुकोजची. साबणाची. वाटप माझ्या खात्यात येत नाही, पद्मजा."

"वास घेणं येतं ना?"

त्यांनी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"त्याला वासच नसतो, काका. तुम्ही आम्हाला अष्टमीला सकाळी सकाळी त्या पत्र्याखाली उभं केलंत. आम्ही तोंडं घालून हुंगत होतो. मी अकरा पिंपं काढली, तुम्ही शाबासकी दिलीत. ती अकरा फिनेलची होती. ती एक वेळ चालली असती."

"तू खोटं काही लिहिलं नाहीस. वास नव्हता, वास नाही असं लिहिलंस."

हे त्यांनी तिला धीर द्यायला म्हटलं होतं. बारावीच्या रिझल्टच्या दिवशी जो आवाज होता तोच. ते तिला अधिक लागलं.

"ट्रक तुम्ही पाठवलात. माझ्या यादीवरून. माझ्या नावावर."

"पोरींचं पाणी बदललं की नाही? तुला हेच हवं होतं. गाठी जातील हळूहळू. विषय संपला."

"मला आकडा हवा होता."

"आकडा कंपनीचा आहे."

"पोरी कुणाच्या आहेत? डॉक्टर विचारेल, काय गेलं पोटात, किती, किती दिवस. भगवंतने काय सांगायचं? वाण गेलं म्हणून?"

त्यांना ते कळलं नाही. "शहाऐंशीचा अहवाल मी देऊ शकत नाही," ते म्हणाले. "माझी पंधरा महिन्यांवर निवृत्ती आहे. आणि त्यांना आकडा कळून ते करणार काय, सांग ना? मायक्रोग्रॅम म्हणजे काय ते तरी कळेल त्यांना?"

"मला मोल कळत नव्हता," पद्मजा म्हणाली. "तुम्ही डाळ मोजायला लावलीत."

माई चहा घेऊन आल्या तेव्हा ती चपला घालत होती. "अगं, चहा?" माई म्हणाल्या. तिला माईंचं वाईट वाटलं, पण कप तिने घेतला नाही.

---

शुक्रवारी ती सोनिवलीला गेली ती खरं सांगायला. वा.ना. म्हणजे काय ते तिने भगवंतच्या ओटीवर, आळीतल्या बायकांसमोर सांगितलं. सह्या आपल्या आहेत हेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. भगवंत खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मंजे तुमी म्हनलात हलवू नका, आनि त्यांना सांगितलात कुठं हाय ते."

"हो."

"नि आता कायच नाय दाखवाला."

"नाही."

"एक हाय," ठमाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी नाय दिला माजा. ट्रकवाला लय भांडला. बोललो त्याला, वान कदी परत केलेला ऐकलाव का रं? घरात आलेली लक्षुमी हाय. नवा ठेव नायतर घेऊन जा, जुना मी देनार नाय. मंग त्यानं नवा पन ठेवला नाय, मेल्यानं." ती उठली. "आता कलला कसला वान ता. पन हाय. या."

पिंप देवघराच्या कोपऱ्यात होतं. तोंडाशी हळदीकुंकवाची बोटं, खाली पांढरी अक्षरं. अर्धं भरलेलं.

पद्मजाने लोणच्याच्या पाच बरण्या घासून घेतल्या. पाच लिटर पाणी भरलं, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली आणि भगवंतला व ठमाबाईला प्रत्येक चिठ्ठीवर सही-अंगठा करायला लावला. शनिवारी ती लॅबमध्ये वेळेच्या आधी गेली. रजेवरून परतलेले टिपणीस काचेपलीकडे बसले होते. तिने त्यांच्यासमोरच काम केलं. या वेळी शुद्ध मालाचा एक थेंब टाकला नाही, पाच टाकले, वाढत्या मापाचे, म्हणजे अंदाज बांधता येईल. तिचा ठिपका तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बसला. हिशेब तिने तीनदा केला. लिटरमागे वीस ते चाळीस मायक्रोग्रॅम. टिपणीस एकदा उठून दारापर्यंत आले, थांबले आणि परत जाऊन बसले.

घरी तिने कार्बन पेपर घालून अकरा कागद लिहिले. मराठीत, सोप्या वाक्यांत: पिंपात आधी काय होतं, पाण्यात काय सापडलं, अंदाजे किती, कसं मोजलं, चूक किती असू शकते. मायक्रोग्रॅम म्हणजे काय तेही. मिठाच्या एका खड्याचे किती भाग केले म्हणजे केवढं होतं, तसं. खाली नाव, शिक्षण, पत्ता. सोमवारी कंपनीने तिला घरी बसायला सांगितलं. तोवर कागद अकराही घरांत पोचले होते.

---

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या डॉक्टर छाब्रिया लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी आधी वेणूला तपासलं, मग भगवंतने पुढे केलेला कागद वाचला. पुन्हा वाचला.

"ये नंबर किसने निकाला?"

"मी," पद्मजा म्हणाली.

"अच्छा है. नाहीतर मी डोक्याचा स्कॅन, ट्यूमर, कुठे कुठे शोधत बसले असते." त्या मराठीत आल्या. "बघा भाऊ, पाणी बंद केलं ना? छातीची गाठ त्याने कमी होईल, बहुतेक. ती मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट हाडं."

"हाडं?"

"या हार्मोनने मुलं भरभर उंच होतात. ही आत्ता उंच दिसते ना? पण हाडं वेळेआधी पिकली, तर वाढ लवकर थांबते. आज वर्गात सगळ्यांत उंच, मोठी झाल्यावर सगळ्यांत ठेंगणी. आणि पाळी आठव्या-नवव्या वर्षी. हाडं वयाबरोबर असली तर समजा वाचली. पुढे असली तर ते मागे आणता येत नाही. किती दिवस प्यायली?"

"दोन वर्सं," भगवंत म्हणाला. "शहाऐंशीच्या दसऱ्यापासून."

"डाव्या मनगटाचा एक्स-रे काढा. समोरच आहे. ओला घेऊन या, चालेल."

वेणूने काळ्या पेटीवर पंजा पसरून ठेवला. हलायचं नाही म्हटल्यावर डोळेही मिटून घेतले. फिल्म अर्ध्या तासाने मिळाली, कोपऱ्यातून पाणी गळत असलेली. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली, एक जाड पुस्तक उघडलं आणि पानापानावरच्या मनगटांशी ताडत गेल्या. सहा वर्षांचं पान. सातचं. आठचं. भगवंत पुस्तकाकडे पाहत नव्हता, त्यांच्या बोटाकडे पाहत होता. बोट पुढे सरकत होतं. पद्मजाने वही उघडली.

डॉक्टरांनी दोन ओळी सांगितल्या, त्या तिने जशाच्या तशा लिहून घेतल्या.

जन्मतारखेप्रमाणे वय: सहा वर्षं आठ महिने.

हाडांचं वय: नऊ वर्षं सहा महिने.